शब्दकोशात जमा करा

टॅब आले तेव्हा खोक्यावर पंचायत समितीचा शिक्का होता
आणि आत अकराच. पोरं चौतीस.
एका टॅबमागे तीन डोकी, एक उरायचं,
ते माझ्या मोबाइलवर.

बोरीकाठच्या आमच्या शाळेत एप्रिलला
अकरा वाजताच पत्रा कडकड बोलायला लागतो.
टॅब तापून स्वतःच सांगायचा : उपकरण थंड होऊ द्या.
मग भूषण तो माठाच्या ओल्या फडक्यावर नेऊन ठेवायचा,
ताप आलेल्या भावंडाला निजवावं तसा,
आणि मधूनमधून त्याच्या पाठीला हात लावून बघायचा.

त्या दिवशी बोलून लिहायचं शिकवत होते.
माइकचं चित्र दाबा, बोला, अक्षरं उमटतात.
मी म्हटलं : आज आकाश निरभ्र आहे.
उमटलं, बिनचूक. मी साताऱ्याकडची,
माझं त्याला सगळं कळतं.

लोचना भिल वर्गात कधी तोंड उघडत नसे.
तिनं टॅब ओठांजवळ धरला, गुपित सांगावं तसा :
मन्ही माय वावरमा गयी शे.
पडद्यावर आलं :
म्हणे माय वावर मागे कैसे.

वर्ग फुटला. जागृतीला हसून उचकी लागली.
मग रांगच लागली त्याला चकवायला.
आंडेर म्हटलं, त्यानं अंडे लिहिलं.
डोया म्हटलं, त्यानं दोघं बोलावले.
‘याले काहीच येत नही, मॅडम,
याले पहिलीमा बसाडा!’

मीही हसत होते.
मग भूषणनं बोलायचं सोडून बोटानं टाइप केलं,
काना-मात्रा सांभाळून, सावकाश : माले.
खाली लगेच लाल नागमोडी रेघ.

ती रेघ मी ओळखली.
सहा वर्षांपूर्वी इथं रुजू झाले तेव्हा
ती माझ्याकडे होती, पेनात.
माले, खाली रेघ. तुले, खाली रेघ. शे, खाली रेघ.
हितेंद्रनं ‘माझी आई’ लिहिला होता, दीड पान.
मी तो इतका लाल केला
की पुढचा निबंध त्यानं गाइडातून उतरवून काढला
आणि मी त्याला दहापैकी नऊ दिले.
आता तो सुरतेला मामाकडे असतो.
त्याची आई बाजारात भेटते, नमस्कार करते.
मी भाव विचारते, मेथीचा.

रेघेवर बोट दाबून धरलं की एक चौकट उघडते.
सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत असतं :
शब्दकोशात जमा करा.
भूषणनं दाबलं.
रेघ गेली.

‘इतलंच?’ लोचनानं विचारलं.

त्यानंतर घराघरांतून शब्द यायला लागले,
खिशातून बोरं आणावीत तसे, काही किडके, काही दोनदा.
लोचनाच्या आईनं कांदे काढता काढता नऊ दिले.
ते तिनं तळहातावर लिहून आणले होते
आणि घामानं दोन पुसले गेले, म्हणून
मधल्या सुट्टीत ती परत वावरात धावली.
कुणी म्हणालं ळ कुठं गेला, कुणी म्हणालं
तो उन्हाया लागला म्हणून सावलीत गया.
परीक्षेपर्यंत दोनशे बारा झाले.
अधिकारी आले तेव्हा रकान्यात मी काय भरणार,
त्यांच्याकडे फक्त ‘वापर : तासांत’ असं होतं.

जूनमध्ये टॅब तालुक्याहून परत आले,
नवी प्रणाली घालून, धुवून पुसून कोरे.
लोचनानं पहिल्यांदा लिहिलं : माले.
रेघ.

मला वाटलं, रडेल.
ती पडद्याकडे बघत राहिली, सुट्टीत
पाढे विसरून आलेल्या धाकट्याकडे बघावं तशी.
‘इसरी गया तो, मॅडम,’ ती म्हणाली.
‘आम्हले याद शे.’
आणि एका बोटानं रेघ दाबून धरून
दुसऱ्या हातानं तिनं भूषणला खूण केली,
फडकं ओलं करून ठेव.